शेजारच्या प्लॉटची हरकत

३ मार्च

प्रिय ताई,

पाकीट जाड लागतंय म्हणून घाबरू नकोस, आत वाळू आहे. कागदाच्या पुडीत बांधली आहे. पुडी पलंगावर उघडू नकोस.

ही तुझ्या जमिनीची वाळू. म्हणजे अजून तुझी नाही, पण तू हो म्हणालीस तर महिन्याभरात होईल. माझ्या घराच्या उत्तरेला जो मोकळा प्लॉट आहे, त्याच्या मालकाला तो विकायचा आहे. समोर थेट समुद्र. मधे रस्ता नाही, झाड नाही, कुणाची गाडी नाही.

तू हे बेट पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो. बेट म्हणजे किनाऱ्याला समांतर पडलेली वाळूची लांबलचक पट्टी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला आतलं शांत पाणी, आणि त्या पाण्यापलीकडे मुख्य जमीन, जिथून रोज नाव येते. पट्टी इतकी अरुंद की मधल्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी दिसतं. वजनकाटे दुरुस्तीचं दुकान बंद करून मी इथे आलो तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आता वर्ष झालं, मला एकदाही वजनकाट्यांची आठवण आली नाही. आयुष्यभर लोकांचे काटे सरळ केले, तेवढं पुरे झालं.

आणि तू? आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवलेस. तुझ्या स्वतःच्या खिडकीतून काय दिसतं, तर पलीकडच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप.

वाळू सरकते, असं इथले जुने लोक म्हणतात. सरकते म्हणे, पण सगळ्यांची सारखीच सरकते. तू विचार कर, पण फार करू नकोस.

तुझा,
ढब्बू


१७ मार्च

प्रिय ढब्बू,

पुडी पलंगावरच उघडली. अजून पाठीला टोचते आहे.

तुझं पत्र मी कारखान्यात डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि मग सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या कापड कापणाऱ्या बाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाने पाण्याकाठी जाऊ नये, गुडघे धरतात. मी म्हटलं, गुडघे इथेही धरलेच आहेत, तिथे निदान समोर बघायला काहीतरी असेल. तेव्हा घे. माझी जी काही साठवण आहे ती त्यात घाल. मला विचारत बसू नकोस, नाहीतर माझा विचार बदलेल.

अजून दोनेक वर्षं मी इथून हलणार नाही. शेठ म्हणतात तुमच्यासारखी चुण्या घालणारी मिळत नाही, आणि मला ते ऐकायला आवडतं. तोवर तिथलं सगळं तू बघ. बेटाची समिती आहे, तिच्या बैठका होतात, प्रत्येक प्लॉटवाल्याला तिथे मत असतं, असं तू मागे लिहिलं होतंस. मग माझ्या वतीने तूच बोलत जा. समितीला तसं मी वेगळं कळवते. लहानपणी तू कुणासमोर तोंड उघडायचा नाहीस, तेव्हा सगळीकडे मीच तुझ्या वतीने बोलायचे. आता तुझी पाळी.

एक अट आहे. घर कसंही बांध, पण समुद्राकडे एकच मोठी खिडकी हवी. दोन लहान नकोत. एकच.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर राहून गेलं. गेल्या महिन्यात इथे वादळ झालं. काळजी करू नकोस, मी धडधाकट आहे. व्हरांड्याच्या पुढच्या पायऱ्या समुद्राने नेल्या. सकाळी दार उघडलं आणि पाय टाकायला जागाच नाही, असं झालं. घरापुढची वाळू इतकी खाली गेली होती की पाया उघडा पडला. खरं सांगतो, सगळं विकून हे एक घर घेतलं आणि तेच जातंय की काय असं वाटलं.

आता डागडुजी करून घेतोय. थोडं दगडाचं काम आहे. होऊन जाईल.

तुझा प्लॉट छान आहे. त्याला काही झालं नाही. मी मधोमध एक खांब रोवून वर पाटी लावली आहे, ‘ताईची जागा’. येणारे-जाणारे वाचतात.

समितीची बैठक झाली. तुझ्या वतीनेही एकदा बोलावं लागलं. विशेष काही नव्हतं.

तुझा,
ढब्बू


३० नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

माझ्या वतीने बोललास, आणि काय बोललास ते लिहिलं नाहीस. निदान आवाज तरी मोठा काढलास ना? माझ्या नावाने पुटपुटू नकोस.

मला तो न्हावी आठवला. तू सहा-सात वर्षांचा. त्याने तुला विचारलं, किती कापू? तू गप्प. मग मीच ठणकावून सांगितलं, सगळे. आणि त्याने सगळेच कापले. तू दोन महिने टोपी घालून फिरलास आणि माझ्याशी बोलला नाहीस. घरी मला ओरडा बसला, पण मला खरंच वाटलं होतं की तुला तेच हवं आहे. तुझ्या मनातलं मला कळतं, अशी माझी खात्रीच होती.

पायऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण तू धडधाकट आहेस ते महत्त्वाचं. पाटीचं वाचून मात्र मी इथे एकटीच हसत बसले.

आता कामाचं. माझ्या खिडकीची रुंदी आणि उंची कळव. घर व्हायला वेळ आहे, कळतं मला. पण गोदामात एका कापडाचा तुकडा उरला आहे, पातळ, पांढरट, त्यातून उजेडही येईल आणि पाणीही दिसेल. दुसरी कुणीतरी नेण्याआधी मला तो कापून ठेवायचा आहे.

तुझी,
ताई


२२ एप्रिल

प्रिय ताई,

उशीर झाला. हिवाळ्यात तब्येत जरा बरी नव्हती. विशेष काही नाही, झोप लागत नाही एवढंच.

खिडकीचं माप: रुंदी पाच हात, उंची तीन हात आणि चार बोटं. आपल्या हाताने मोजलं आहे, तुला सवय आहे म्हणून.

या उन्हाळ्यात येतेस असं लिहिलं आहेस. नको येऊस. नावेचा भरवसा नाही, कधी असते कधी नसते, तिकीटवाल्या बाई सांगत होत्या. त्या चांगल्या आहेत. अधूनमधून घराकडे येऊन पाव देऊन जातात. घराचं बांधकामही इतक्यात काढू नये असं वाटतं. इथे गवंडी मिळत नाहीत. घाई करू नये.

तू बरी असशील.

तुझा,
भाऊ


५ मे

प्रिय ढब्बू (आता ‘भाऊ’ काय, एकदम?),

अस्सं. तिकीटवाल्या बाई.

अरे, मग सरळ लिहायचं ना. मी किती रात्री विचार करते आहे की याला काय झालं. पत्र चार ओळींचं, झोप नाही, ये म्हणत नाही, बांधू नको म्हणतो. मला वाटलं काही मोठं दुखणं आहे आणि लपवतोस. आणि निघालं काय, तर पाव.

वहिनी जाऊन आठ वर्षं झाली. मी काय म्हणणार आहे? मला आनंदच आहे. एक बहीण शेजारी येऊन बसली की चारचौघांत अवघडल्यासारखं होईल, असं तुला वाटत असेल, तर मी माझ्या घराचं दार उलट्या बाजूला करेन. तुझ्या व्हरांड्यात कोण बसलंय ते मला दिसणारही नाही. माझी खिडकी समुद्राकडे, माझं लक्ष समुद्राकडे.

आता माझी बातमी ऐक. शेठना सांगून टाकलं. महिनाअखेरीला खोलीही सोडते आहे, घरमालकाला तसं कळवलं. दोन वर्षं म्हणत होते, पण त्या पडद्याचं कापड हातात घेतलं आणि राहवेना. कारखान्यात मला निरोप देणार आहेत. मला तोंडावर कळू द्यायचं नाही म्हणून सगळ्याजणी कुजबुजतात, आणि मी ऐकू येत नसल्यासारखं करते. घर होईपर्यंत तुझ्याकडेच राहीन. बाईंना सांग, मी घोरत नाही.

तुझी,
ताई


१४ मे

ताई,

तुझं पत्र काल आलं. तू खोली सोडू नकोस. हे आधी वाच आणि घरमालकाला थांबव.

तिकीटवाल्या बाईंचं तसं काही नाही. असतं तर बरं झालं असतं.

वादळानंतर मी एका इंजिनियरला बोलावलं. घर वाचवायचं तर समुद्राच्या बाजूला दगडी बांध घाला, असं तो म्हणाला. मग त्याने वाळूत काठीने रेघ ओढून दाखवलं. बांधाला लाट आपटेल, तुमची वाळू जागेवर राहील, पण ती लाट विरणार नाही, बांधाच्या टोकाला जाऊन वळेल. उत्तरेच्या टोकाला वळली की शेजारच्या प्लॉटची वाळू घेऊन जाईल. शेजारी कोण आहे, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, घरचीच माणसं आहेत.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी लिहितोय कारण पुढे मी काहीही लिहिलं तरी तू हे विसरू नयेस. मला आधीपासून माहीत होतं.

बांधाला समितीची परवानगी लागते. बैठक शाळेच्या हॉलमध्ये असते, प्रत्येक प्लॉटसाठी एक खुर्ची. माझ्या शेजारची खुर्ची तुझी, ती रिकामीच असते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त दातांचे डॉक्टर, नियमाने चालणारे. त्यांनी विचारलं, शेजारच्या प्लॉटची काही हरकत? सगळ्यांना ठाऊक होतं की शेजारच्या प्लॉटच्या वतीने मीच बोलतो. मग मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे वळलो आणि म्हणालो, काय गं ताई, हरकत आहे का? आणि कान जवळ नेऊन ऐकल्यासारखं करून सांगितलं, नाही म्हणते.

लोक हसले. अध्यक्षही हसले. मीही हसलो. परवानगी मिळाली.


२६ मे

वरचं लिहून झालं त्याच दिवशी पत्र टाकायला हवं होतं. इतके दिवस खिशात घेऊन फिरतोय. रोज धक्क्यापर्यंत जातो, टपालाची पेटी समोर असते, आणि परत येतो. मला माहीत आहे की जितका उशीर करीन तितकी तुझी खोली हातची जाईल. तरीही परत येतो. मी किती भेकड आहे हे मला या वयात कळतंय.

उरलेलं लिहून टाकतो. बांध हिवाळ्याआधी झाला. माझ्या पायऱ्या परत बांधल्या. हिवाळ्यात दोन मोठ्या भरत्या आल्या आणि इंजिनियरने रेघ ओढली होती अगदी तशीच लाट वळली. आता तुझ्या प्लॉटवर भरतीच्या वेळी कमरेएवढं पाणी असतं. ओहोटीला ओला खड्डा राहतो. रस्त्याकडचा एक कोपरा शिल्लक आहे, त्यावर खाट मावेल, घर नाही. खांब अजून उभा आहे. ‘ताईची जागा’ ही पाटी पाण्यात उभी असते आणि येणारे-जाणारे वाचतात. मी ती काढलेली नाही, कारण काढायला गेलो तर लोक बघतील.

परवा नावेत तिकीटवाल्या बाईंनी विचारलं, “तुमच्या ताई राहायला येणार आहेत की पोहायला?” सगळी नाव ऐकत होती. मी खाली बघत बसलो. उतरताना त्या हळूच म्हणाल्या, “त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुम्ही सांगा.”

आणि ते खिडकीचं माप. तुझं घर नाही, तर खिडकी कुठली असणार? मी माझ्याच उत्तरेच्या खिडकीचं माप घेऊन पाठवलं. तिच्यातून तुझा प्लॉट दिसतो. मोजताना समोर पाणी हलत होतं आणि मी बोटं मोजत होतो. त्या खिडकीत आता मला उभं राहवत नाही.

आज पेटीत टाकतोच आहे.

तुझा,
भाऊ


४ जून

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी खोली सोडलेली होती. नवीन भाडेकरूचं सामान जिन्यात होतं आणि पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं. पत्रावर दोन तारखा आहेत. पहिल्या तारखेला टाकलं असतंस तर मी आज माझ्या खोलीत असते.

सध्या कारखान्याच्या मागच्या गोदामात झोपते, कापडाच्या ताग्यांमधे. शेठनी हरकत घेतली नाही, पण विचारलं, काय झालं? मी सांगितलं, घराचं काम लांबलंय. निरोपाला सगळ्यांनी मिळून मला उन्हाची टोपी दिली होती, मोठी, रिबिनीची. भाषणं झाली. कापणाऱ्या बाई रडल्या. आणि चार दिवसांत मी त्यांच्याच शेजारच्या मशीनवर परत येऊन बसले. कुणी काही विचारत नाही. त्या सगळ्यांच्या न विचारण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तू मला फसवलंस ते एक, आणि तुझ्यापायी मलाही खोटं बोलावं लागलं ते दुसरं.

मला समुद्राचा राग नाही. वाळू गेली ती गेली. तू घाबरला होतास, घर जाईल म्हणून, तेही मला कळतं. मला विचारलं असतंस तर कदाचित मी म्हटलंही असतं, घाल बांध. पण तू मला विचारलं नाहीस. तू एका खुर्चीला विचारलंस आणि लोकांना हसवलंस.

ताई


११ जून

ताई,

मला शब्द सापडत नाहीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तू इकडे ये. माझं घर तुझंच आहे. समुद्राकडची खोली मी रिकामी केली आहे, पलंग तिकडे हलवला आहे, आरसा लावला आहे. खिडक्या दोन आहेत, लहान, पण गवंड्याशी बोललो आहे, तो दोन्ही खिडक्या फोडून एक करून देईल. कागदोपत्री अर्धं घर तुझ्या नावावर करायची व्यवस्थाही सुरू केली. तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझा राग फार दिवस टिकत नाही, तेही मला माहीत आहे.

येतेस कधी ते फक्त कळव. रस्त्यात मला कुणी भेटलं तर मी मान वर करत नाही. तू आलीस की करीन.

तुझा,
ढब्बू


२ जुलै

ढब्बू,

तू परत तेच केलंस. ‘तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे.’ मी काय म्हणणार ते तुला इथूनही ऐकू येतं वाटतं, त्या खुर्चीतून ऐकू आलं तसं. आणि मी यायचं कशासाठी, तर तुला रस्त्यात मान वर करता यावी म्हणून.

मी नाही म्हणते आहे. मला खोली नको, आरसा नको, अर्धं घर नको. बांधाच्या आत बसून मी चहा पिणार आणि शेजारी माझीच पाटी पाण्यात उभी बघणार, असं तुला वाटतं का?

सोबत पार्सल पाठवते आहे. आत पडदा आहे. तू दिलेल्या मापाचाच शिवला होता, चुण्या मोजून, हाताने. तुझं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात संपवला. तेव्हा तो पातळ होता. समोर पाणी आहे असं समजून शिवला होता. अस्तर मी नंतर लावलं. दाट, गर्द निळं, सिनेमागृहाच्या दारांवरच्या पडद्यांना लावतात त्या जातीचं. त्यातून काही दिसणार नाही, दुपारीसुद्धा.

उत्तरेच्या खिडकीत उभं राहवत नाही म्हणालास ना. मग घे, ओढून घे आणि सुखाने राहा. माप तुझ्याच खिडकीचं आहे, बरोबर बसेल.

हे मी रागाने लिहिते आहे आणि तुला ते कळावं म्हणूनच लिहिते आहे. पण पडदा शिवताना मला राग नव्हता. तो टाका टाका आनंदाने घातलेला आहे. त्याचं आता काय करायचं ते मला समजलं नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवला.

ताई


२० जुलै

ताई,

पडदा बसला. एक बोटसुद्धा कमी-जास्त नाही.

पहिल्या दिवशी मी तो ओढला. खोलीत मिट्ट काळोख झाला आणि कित्येक महिन्यांनी मला दुपारी झोप लागली. उठलो आणि बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच इतकी लाज वाटली की पायात चपला न घालता बाहेर आलो आणि तुझ्या कोपऱ्यात, जिथे खाट मावेल म्हणालो होतो तिथे, जाऊन बसलो. रस्त्यावरून माणसं गेली. त्यांनी पाहिलं. पाहू दिलं.

घरी येऊन अस्तर उसवलं. ब्लेडने. तुझे टाके इतके बारीक आहेत की संध्याकाळ गेली. दोन ठिकाणी कापड थोडं फाटलं. आता पडदा पातळ आहे, पहिल्यासारखा, आणि ओढला तरी तुझ्या जागेवरचं पाणी दिसतं. मी रोज बघतो. बघवत नाही, तरी बघतो.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते वाचून काढलं, मी स्वतः ठेवलेल्या कच्च्या कागदावर. तू म्हणालीस ते खरं आहे. मी तुझं भलं करतोय असं मला वाटत होतं आणि करत होतो माझंच.

काल बैठक होती. मी समितीपुढे अर्ज ठेवला की मला बांध काढायचा आहे. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, सगळे माझ्याकडे बघत राहिले. इंजिनियरला मी आधी विचारलं होतं. बांध काढला तर माझा व्हरांडा पुढच्या वादळात जाईल, नंतर पुढची खोली, आणि घर रस्त्याकडे मागे सरकवावं लागेल, सरकवता आलं तर. तुझी वाळू परत येईल का, तर थोडी येईल, कदाचित येणारही नाही. त्याने कसलीच खात्री दिली नाही. मीही तुला कसलाच शब्द देत नाही.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, शेजारच्या प्लॉटची काही हरकत?

सगळ्यांची नजर तुझ्या खुर्चीवर गेली. मागे कुणीतरी खाकरलं. मला माहीत आहे, त्यांना मागची गंमत आठवली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मला माहीत नाही. तिच्या वतीने मी आता बोलणार नाही. मागच्या वेळी बोललो ते तिला न विचारता बोललो होतो.”

अध्यक्ष म्हणाले, “हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं. आम्हीही विचारायला हवं होतं.” विषय पुढच्या बैठकीवर टाकला आहे. ती ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी. तू कळवलंस तर तुझं म्हणणं वाचून दाखवतील, असं म्हणाले.

काय कळव, ते मी सांगत नाही.

भाऊ


८ ऑगस्ट

ढब्बू,

ब्लेडने? अरे, उसवायची कात्री वेगळी असते, एवढंही तुला ठाऊक नाही. फाटलेलं मी येऊन रफू करीन.

हो, येते आहे. शनिवारच्या नावेने. कळवून वाचून दाखवायचं म्हणजे पुन्हा माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी. मी स्वतः बोलणार. राहायची सोय तिकीटवाल्या बाईंकडे केली आहे, त्यांना मी सरळ पत्र टाकलं होतं. त्यांनी उलट टपाली कळवलं की त्यांच्याकडे एक खोली आहे आणि तिला आतल्या पाण्याकडे एकच मोठी खिडकी आहे. भाडं ठरवलं. किती दिवस राहीन ते आत्ताच विचारू नकोस.

कारखान्यात काल सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. कापणाऱ्या बाईंनी तुला उद्देशून जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही.

बैठकीत मी काय म्हणणार ते तुला आधी सांगून ठेवते, म्हणजे तू ओळखत बसणार नाहीस. माझी हरकत आहे. ती बांध काढायला नाही. गेल्या वर्षी माझ्या तोंडी जे ‘नाही म्हणते’ घातलंस, त्याला माझी हरकत आहे, आणि ती त्यांनी त्याच बैठकीच्या नावे लिहून घ्यावी. ती लिहून झाली की मग बांधाचं बोलू. तो काढायचा, अर्धा काढायचा, की आता ठेवायचाच, ते मला तिथे उभं राहून लाट कशी वळते ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तू व्हरांडा मोडून मोकळा झालास म्हणून माझी जागा परत येत नाही. आणि तुझं घर गेलेलं बघून मला बरं वाटेल असंही नाही. मी अजून तेवढी दुष्ट झाले नाही, पण या दोन महिन्यांत फार लांबही नव्हते.

मला तुझा राग आहे. तो गेलेला नाही. पण त्या कोपऱ्यात जाऊन बसलास ते वाचलं आणि तुझं टोपीतलं डोकं आठवलं. तेव्हा दोन महिने तू माझ्याशी बोलला नव्हतास, आणि मी रोज तुझ्या शेजारी येऊन बसायचे. तू सरकायचास, मीही सरकायचे.

धक्क्यावर घ्यायला ये. पिशवी जड आहे आणि डोक्यावर ती रिबिनीची टोपी असेल, हसू नकोस. रविवारी हॉलमध्ये लवकर जाऊ. कुठल्या खुर्चीला विचारलं होतंस ते मला दाखव. मी तिथेच बसणार आहे.

ताई